कळा पाण्यात, बाळ कोरड्यात

"हे डॉक्टरीण पेशंटपेक्षा पाण्याकडंच जास्त पायते बाप्पा," माझ्या शेजारी बाकावर बसलेली बाई तिच्या जावेला म्हणाली.

तिने हळूच म्हटलं होतं, पण व्हरांड्यात सगळ्यांनाच ऐकू गेलं. समोर मॅडम खाली वाकून उभ्या होत्या. त्यांनी ॲप्रनची बाही वर सरकवली होती आणि उजव्या हाताचं कोपर स्टीलच्या बादलीत बुडवलं होतं. बादली धरलेली वॉर्डातली मावशी तोंड वाकडं करून उभी होती.

"थंड हाय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हात भाजून राह्यला माहा!"

"हात खोटं बोलते. कोपर नाई बोलत. अजून एक गंज गरम पानी आन."

मग त्यांनी कोपर ॲप्रनला पुसलं आणि बाकाकडे बघून विचारलं, "आता कोन हाय?"

माझाच नंबर होता. शेजारच्या बाईने मला ढकललं तेव्हा मी उठले.

अकोल्यातल्या त्या छोट्या प्रसूतिगृहात मी पहिल्यांदा गेले तो हा दिवस. बादलीतलं पाणी कशासाठी होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं की ते कशासाठीच नव्हतं. नवीन गीझर बसवला होता आणि मॅडमचा त्याच्यावर विश्वास नव्हता, एवढंच.

मॅडम साठीच्या असतील. अंगाने काटकुळ्या, केस बॉयकट, सुती साडी, खाली पोरांचे असतात तसे खेळायचे बूट. कोपर लावायची त्यांना सवयच होती. चहाचा कप, बाळाचं दुपटं, दवाखान्याच्या दारातली उन्हात तापलेली स्कूटीची सीट, सगळ्याला आधी कोपर. एकदा माझ्या नवऱ्याच्या कपाळालाही लावलं. त्याला ताप नव्हता. तो फक्त घाबरला होता.

माझं शिक्षण अमरावतीत इंग्लिश मीडियमच्या शाळेत झालं. शाळेत मराठीत बोललं की बाहेर उभं करायचे, आणि मी तशीही कमीच बोलायचे, त्यामुळे दोन्ही भाषा माझ्या तोंडात अर्ध्या अर्ध्या राहिल्या. मॅडमना पहिल्याच भेटीत हे कळलं. इतर डॉक्टर मला बघून लगेच इंग्रजीत बोलायला लागतात. मॅडमनी उलट केलं. "इंग्लिश शाळेतली होय ना तू? मंग तं नीट आयक," असं म्हणून त्या अशा ठसक्यात वऱ्हाडी बोलायला लागल्या की निम्मं मला घरी येऊन नवऱ्याला विचारावं लागलं. मुसलमान बायकांशी त्या तितक्याच ठसक्यात इकडची हिंदी बोलायच्या. त्यांच्या टेबलावर मात्र इंग्रजी पुस्तकांची चळत होती, आणि ती वाचलेली दिसत होती.

आणि टब. बोलताना सगळे त्याला टाकं म्हणायचे. प्रसूतीच्या खोलीला लागून एक खोली होती, तिथे तो निळा, खोल, दोन माणसं बसतील एवढा मोठा टब ओट्यावर ठेवलेला होता. चढायला पायऱ्या, धरायला कडेला स्टीलचा दांडा. कळा वाढल्या की बाईने त्यात कोमट पाण्यात बसायचं. दुखणं सोसायला सोपं जातं. बाळ बाहेर यायची वेळ झाली की मात्र टबातून उठायचं आणि साध्या टेबलावर यायचं. हे समजावताना मॅडम प्रत्येकीला तेच वाक्य सांगायच्या, "कळा पाण्यात, बाळ कोरड्यात." कोणी मोबाइलवर पाण्यात जन्मलेलं बाळ दाखवलं की त्या फोन उलटा करून टेबलावर ठेवायच्या. "ते त्यायचं. हे माहं."

हा टब त्यांनी का आणला, हे मला तीन वेळा कळलं आणि तिन्ही वेळा वेगळं. माझ्यासमोर एका बाईला त्या म्हणाल्या की परदेशात शिकायला गेले होते तिथं पाहिलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, माझी आजी पूर्णेच्या काठची, ती नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कळा काढायची. तिसऱ्या वेळी मी धीर करून स्वतःच विचारलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी फार मागासलेली आहे.

"उन्हाळ्यात म्हैस पाह्यली का कवा?"

"हो."

"डबक्यात बसते ना? तिले कोनी विचारते का, काहून बसली म्हून?"

त्यांचं लग्न झालं नव्हतं, परदेशात त्या गेल्याच नव्हत्या असंही वॉर्डातली मावशी एकदा म्हणाली. आजी खरी होती की नाही, देव जाणे. मला वाटतं म्हैस खरी असावी.

गंमत म्हणजे एवढा टब असून त्या बहुतेक बायकांना त्यात बसू द्यायच्या नाहीत. चांदूर बाजारकडची एक बाई खास त्या टबासाठी अकोल्यापर्यंत आली होती. नवऱ्याने व्हिडिओ पाहिला होता. तिचं बीपी वाढलेलं होतं. मॅडमनी तपासलं आणि सरळ नाही म्हणाल्या. नवरा हात जोडायला लागला, एवढ्या दुरून आलो, काही तरी करा. मॅडम त्याच्यावर ओरडल्या, "अरे, टाकं होय ते, देव नाई! इच्या बीपीले मी पाण्यात बुडवू काय?" आणि त्यांनी तिला गाडीत घालून स्वतः मोठ्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या एकीला टबातून अर्ध्यात उठवलं, कारण बाळाचे ठोके त्यांना आवडले नाहीत. ती रडली. मॅडमना तिचं रडणं ऐकू आलं की नाही कोण जाणे, त्या हातातल्या यंत्राने ठोकेच ऐकत होत्या.

मी त्या टबात बसले, हे इथेच सांगून टाकते. पाण्यात काय झालं ते मला अजून धड सांगता येत नाही. लोकांना वाटतं दुखायचं थांबलं असेल. नाही थांबलं. कळ येत होतीच, पण ती यायच्या आधी मला माझं वजन नव्हतं. कळ गेली की मान दांड्यावर टाकून मी चक्क झोपत होते, मिनिटभर असेल. बाहेर होते तेव्हा दोन कळांच्या मधे मी पुढच्या कळेची भीती बाळगत होते, पाण्यात विसरत होते. मॅडमचं म्हणणं असं की पाण्याने कळ जात नाही, फक्त थोडी दूर जाऊन बसते. मुलगी झाली, टेबलावर, कोरड्यात, त्यांच्या नियमाप्रमाणे. टाके घेताना त्या गुणगुणत होत्या.

दीड महिन्यांनी तपासायला गेले तेव्हा मी विचारलं, "मॅडम, मला सोसणं सोपं झालं ते पाण्यामुळेच का? की तसंही झालं असतं?"

"मले काय मालूम," त्या म्हणाल्या. "मी कुठं बसली त्यात?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "कोनाले आराम पडते, कोनाले नाई पडत. काहून, ते मले तीस वर्षांत नाई समजलं. तुले समजलं तं मले येऊन सांग." ती नम्रता होती की चेष्टा होती, तेही कळलं नाही.

पण पाण्याचं सोडा. पाण्यात उतरायच्या आधी जे झालं ते मला पाण्यापेक्षा अवघड गेलं.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यावर चर्चा नसते. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलीला घेऊन जायचं. मम्मीने अमरावतीत माझी खोली रंगवून घेतली होती, डिंक आणि खारीक आणून ठेवली होती, तिकडची डॉक्टर ठरवली होती. आणि मी फोनवर म्हणाले, मी अकोल्यातच थांबते. का, विचारल्यावर म्हणाले, इथे सगळे रिपोर्ट आहेत. खरं कारण टब होता. ते मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. मॅडमनासुद्धा नाही. त्या समजावून सांगायच्या, मी ऐकायचे, घरी जायचे. मला वाटायचं, मी सांगितलं की सगळे हसतील. अकोल्याचा मे महिना, वरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही इतकं तापतं, आणि हिला गरम पाण्यात बसायचंय.

न सांगितल्याचा परिणाम असा झाला की सगळ्यांनी आपापलं कारण शोधलं. मम्मीला वाटलं, सासूबाईंनी मला अडवून ठेवलं. ती फोनवर शुद्ध मराठीत बोलायला लागली, आणि मम्मी शुद्ध बोलायला लागली की समजायचं तिला फार लागलंय. सासूबाईंना, ज्यांना मी आई म्हणते, त्यांना वाटलं की सुनेला माहेरापेक्षा त्या जवळच्या वाटतात. त्या गल्लीत सांगत फिरल्या, "आमच्या सूनबाईनं माहेर नाई म्हनलं, मले म्हने आई तुमीच पायजा." मी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या इतक्या खूश होत्या की खोडून काढणं शक्य नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी दुपारची झोप सोडली होती.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी नळ आला होता.

अकोल्यात नळ येणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही. किती दिवसांनी आला, यावर घरातली शांतता ठरते. त्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथेही नळ होता. अंगणात पाइप टाकलेला, पेशंटचे नातेवाईक बादल्या, ड्रम, पिंप, मिळेल ते भरत होते. मॅडम मला तपासायला आत घेऊन गेल्या. आई बाहेर राहिल्या.

आई बाहेर राहिल्या आणि त्यांना टबाच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत एवढं मोठं टाकं, घासूनपुसून स्वच्छ, आणि रिकामं. नळ चालू असताना रिकामं भांडं बघणं आईंना जमत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू, जिला सगळे खाला म्हणत होते, तिलाही जमलं नाही. दोघींनी मिळून पाइप आत ओढला आणि टब काठोकाठ भरला. वरून ताटं झाकली.

मॅडम खोलीत गेल्या आणि दारातच थांबल्या.

"हे कोनं केलं?"

"आमी," आई म्हणाल्या. त्यांना शाबासकीच अपेक्षित होती. "पाइप लागून गेला होता, म्हनलं भरून घ्या. सांजेलोक नळ राह्यते काय?"

मॅडमनी ताट उचललं. पाणी मातकट होतं. नळ आला की पहिलं पाणी तसंच येतं. "यात मी बाईले बसवू? सोडा हे सारं. टाकं घासा लागंल, दवा मारा लागंल."

"सोडा?" आईंचा आवाज चढला. "मॅडम, मातीचं काय घेऊन बसल्या? घडीभरात निवळते. वरचं पाहा कसं आरशासारखं दिसते!"

"मॅडम, नाली में छोडेंगे क्या?" खाला म्हणाली. "गुनाह लगेगा."

मी दाराला धरून उभी होते आणि कळ येत होती. मला कोणाचं बरोबर आहे तेच कळेना. पाणी घाण होतं, मॅडम बरोबर. पण एवढं पाणी सोडून द्यायचं, तेही माझ्यासाठी, हे माझ्याच्याने ऐकवेना. मी अकोल्यात दोन उन्हाळे काढले होते. भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालणाऱ्या आई, त्यांच्यासमोर कोण म्हणणार, सोडा.

शेवटी खालानेच मार्ग काढला. पाणी सोडायचं नाही, वाटायचं. मग दवाखान्यातला जो तो उठला. एक ओळ झाली, टबापासून व्हरांड्यापर्यंत. बादल्या भरून पुढे, रिकाम्या मागे. आधी सगळ्या खिडक्यांचे कूलर भरले. मग संडासाचे ड्रम. मग कुंड्या. कुणाचा तरी सासरा आपली मोटरसायकल पुसायला लागला. माझा नवरा ओळीत मधे उभा होता, पँट वर खोचून, आणि पहिल्यांदाच त्याला काही काम मिळाल्यामुळे त्याच्या तोंडावरची भीती गेली होती. मॅडम बाजूला उभ्या राहून ओरडत होत्या, "हळू! घसरान कोनी तं हाडाचा डॉक्टर नाई इथं!" कूलर एकदम सगळे चालू झाले आणि व्हरांडाभर ओल्या वाळ्याचा वास सुटला. लग्नघरासारखं वाटत होतं. फक्त मी भिंतीला कपाळ टेकून श्वास मोजत होते.

त्यात मम्मी आली. फोन मिळताच अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून रेल्वेने आली होती, हातात पिशव्या. ओल्या फरशीवर साडी उचलून ती माझ्यापर्यंत आली. "काय चाललंय हे?"

कोणीतरी सांगितलं, हिच्यासाठी टाकं खाली करून राह्यलो, हिले गरम पाण्यात बसवाचं हाय.

मम्मीने पिशव्या खाली ठेवल्या. "कळा चालू असताना पाण्यात?" ती आईंकडे वळली. शुद्ध मराठी गळून पडली. "हे तुमी ठरवलं काय? पोरीले माहेरी नाई येऊ देल्लं, ते बी आयकून घेतलं. आता हे? वात धरला म्हनजे? जनमभर कंबर दुखन माह्या पोरीची!"

"मी?" आईंच्या हातातली बादली तशीच राहिली. "मी काहून म्हनन? मी तं टाकं भरलं फक्त, मले वाटलं साठ्याचं हाय! बाळंतीन बाई अन पाण्यात, माह्या सात पिढ्यांत नाई कोनी बसली." मग त्यांना पहिला भाग ऐकू आला. "अन नाई येऊ देल्लं कोनी? तिनंच सोता म्हनलं, आई, मी तुमच्याजोळ राह्यतो म्हून!"

"माही पोरगी असं म्हनूच शकत नाई."

"मंग काय मी खोटी?"

ओळ थांबली होती. नवरा दोघींकडे बघत म्हणाला, "मॅडम म्हणत असतील तर काही तरी विचार करूनच…"

"मी काई म्हनत नाई," मॅडम म्हणाल्या. त्यांनी घासायचा ब्रश मावशीच्या हातात दिला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी कोनालेच टाक्यात बसवत नाई. जिले बसाचं ते मले सांगते. हिनं मले आजवर एक शब्द नाई सांगतला. आज म्या इच्यासाठी टाकं खाली केलं ते बी अंदाजानं. आता अंदाज पुरे." त्यांनी मला विचारलं, "बोल. बसाचं का नाई? टेबलावरबी होते बाळंतपन. कोनी तुह्यावर रागावनार नाई."

हे खोटं होतं. कोणीतरी रागावणार होतंच. टब हवा म्हटलं तर मम्मीला कळणार की मी तिला सोडून एका टाक्यासाठी इथे राहिले, आणि आईंना कळणार की त्यांच्यासाठी राहिले नाही. नको म्हटलं तर दोघींनी शोधलेली कारणंच खरी ठरणार, मी काही न सांगता.

मी मान हलवली.

"मान नको हालवू. मानंचं मले समजत नाई. हालवली म्हनजे हाव की नाई?"

कळ आली. कूलर घरघरत होते. मम्मी माझ्या एका बाजूला आली, आई दुसऱ्या. दोघींनी माझा एकेक हात धरला, आणि दोघीही एकमेकींकडे न बघता माझी पाठ चोळायला लागल्या. मॅडम वाट बघत उभ्या होत्या. माझ्यामागे मावशी ब्रशने टब घासत होती.

कळ गेली. मला माझा आवाज कुठून आला ते माहीत नाही. तो मोठा होता, आणि शाळेतलाही नव्हता, घरातलाही नव्हता.

"मम्मी, यांनी मला नाही अडवलं," मी म्हणाले. "आई, मी तुमच्यासाठी नाही राहिले. मी या टबासाठी राहिले, पहिल्या दिवसापासून. मला पाण्यात बसायचंय. तुम्ही दोघी रागवा, पण हात सोडू नका."